दोन्ही सारखेच वाजतात

आत्माराम पागधरेच्या टीव्हीला आवाज नाही, अशी तक्रार अख्ख्या दांडी गावात फक्त एकट्या आत्मारामची होती. बाकीच्यांची तक्रार नेमकी उलटी होती. शेजारीण राहीबाई तर म्हणायची, "तुमच्याकडं बातम्या लागल्या की आमाला टीव्ही लावाची गरजच नाय." बायको जमुना सुकी मासळी विकून बोईसरच्या बाजारातून दमून यायची आणि दारातूनच कानांवर हात ठेवायची. पण आत्मारामचं आपलं एकच पालुपद. आवाज येतो, शब्द येत नाहीत. नुसती घुमघुम. हल्ली टीव्ही करतात पापडासारखे पातळ, त्यात आवाज मावणार कुठे? दोष टीव्हीचा. तेव्हा त्याला जोडायला एक चांगली साउंड सिस्टीम घ्यायची, असं त्याने आषाढ लागता लागता जाहीर करून टाकलं.

त्याचं म्हणणं कुणी उडवून लावलं नाही, कारण गावात कानाचा माणूस एकच होता, आणि तो आत्मारामच होता. धंद्याने तो बोटींचा सुतार. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा मालक त्याला बोलावतो. आत्माराम लाकडाची मोगरी घेऊन बोटीच्या पोटाखाली शिरतो आणि एकेक फळी ठोकत जातो. चांगली फळी खणकन बोलते. आतून कुजलेली, किड्याने पोखरलेली फळी बद्द वाजते. डोळ्यांना काही दिसत नाही, रंगाखाली सगळ्याच फळ्या तुकतुकीत. कानालाच काय ते कळतं. त्याने 'बद्द' म्हटलं की फळी निघते. त्याने 'चालंल' म्हटलं की बोट पाण्यात उतरते आणि तिच्याबरोबर तिच्यातली माणसं. तीस वर्षांत त्याने 'चालंल' म्हटलेल्या एकाही बोटीने दगा दिला नव्हता. या एका शब्दावर त्याला गावात मान होता आणि त्याची त्याला जाणीवही होती. जरा जास्तच म्हणा.

आता निम्म्या बोटी फायबरच्या झाल्या. फायबरला काय ठोकणार? यंदा लाकडी पाचच आल्या. त्या पाचही त्याने ठोकल्या, आणि गंमत अशी की पाचही बोटींच्या सगळ्या फळ्या एकसारख्या बोलल्या. एकही वेगळी नाही. पाचही बोटींत एक फळी बदलावी लागू नये, असं आजवर झालं नव्हतं. त्याला नवल वाटलं. सगळ्या एकसारख्या म्हणजे सगळ्या चांगल्या, असं म्हणून त्याने ते नवल तिथेच सोडलं आणि पाचही मालकांना 'चालंल' सांगून मोकळा झाला.

पण मोकळा कुठला? त्या दिवसापासून त्याचा पाय घरात ठरेना. जेवता जेवता उठायचा, किनाऱ्यावर जायचा, ओळीने उभ्या बोटींकडे बघत राहायचा आणि काही न करता परत यायचा. आला की टीव्ही लावायचा. घुमघुम ऐकली की चिडायचा. मग सिस्टीमचा विषय काढायचा. जमुना म्हणाली, "अवो, कुत्रं गोल फिरतं बसायच्या आधी, तसं काय चाललंय तुमचं?" त्यावर तो तिच्याच अंगावर ओरडला. ओरडून झाल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण जमुनावर ओरडायची त्या घरात रीत नव्हती. तिथे ओरडायचा हक्क जमुनाचा.

मुलगी मोनाली तारापूरला औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये कामाला. तिकडच्या कंपन्यांची सुट्टी शुक्रवारची. तिने शुक्रवारी बापाला रिक्षात घातलं आणि बोईसरला एका मोठ्या दुकानात नेलं. "बाबा, नवीनच घेऊ. वर्षाची गॅरंटी असते, बिल असतं, काय झालं तर विचारायला माणूस असतो." तिचं म्हणणं सरळ होतं.

दुकानातल्या पोराने टीव्हीखाली एक लांब काळी पट्टी ठेवली होती. ती त्याने लावली. "अंकल, इसमें डायलॉग एकदम क्लियर आयेगा." आत्मारामने डोळे मिटून ऐकलं. घुमघुम. मग त्याने वाकून त्या पट्टीवर बोटाच्या पेराने ठोकलं. पोरगा दचकला.

"प्लास्टिक हाय," आत्माराम म्हणाला. "पावडरचा डबा."

"अंकल, लेटेस्ट है।"

"खाऱ्या वाऱ्याची गॅरंटी हाय?"

पोराने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने कागद पाहिला. वर्षाची गॅरंटी होती, पण गंज आणि ओल सोडून. दांडीत तर गंज आणि ओल सोडून दुसरं काहीच नव्हतं. तिथे कपाटाची बिजागरी दोन पावसाळ्यांत हातात येते, पंख्याची पाती खपली धरल्यासारखी सोलपटतात. आत्मारामला ही सबब बरी सापडली. तो तरातरा बाहेर आला.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच बेटेगावला मितेशकडे गेला. मितेशचं दुकान घराच्या पुढल्या खोलीत. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीतली माणसं निवृत्त होऊन आपापल्या गावी जाताना सामान काढून टाकतात, त्यातले जुने अँप्लिफायर आणि स्पीकर मितेश घेतो, उघडतो, दुरुस्त करतो आणि परत विकतो. बाहेर पाटी होती, 'रिफर्बिश साउंड'. आत्मारामने विचारलं, "रिफर्बिश म्हंजे जुनाच ना?"

"जुना, पण आतून नवा केलेला," मितेश म्हणाला आणि त्याने दोन लाकडी खोकी पुढे ओढली, गुडघ्याएवढी उंच. "या स्पीकरची रबराची कड गेली होती, ती नवी टाकली. वायरी नव्या. अँपमधले चार पार्ट बदलले. खोका मात्र जुन्या लाकडाचा, असा आता मिळत नाय."

"म्हंजे अर्ध्या फळ्या बदलल्या."

"तसंच समजा, काका."

आत्मारामला ते एकदम पटलं. दांडीतली कुठलीही बोट घ्या. दहा वर्षांत तिच्या निम्म्या फळ्या बदललेल्या असतात, इंजिन दुसरं असतं, तरी कुणी तिला जुना माल म्हणत नाही. तिचं नाव तेच, मालक तोच. त्याने खोक्यावर हात फिरवला, बाजूने, खालून, सांध्यांवरून. लाकूड हाताला बरं लागलं. मितेशने भजनाची सीडी लावली. घुमघुम आली, पण लाकडातून आली म्हणून त्याला ती बरी वाटली. तीन महिन्यांचा मितेशचा शब्द होता, आणि किंमत त्या काळ्या पट्टीच्या आसपासच.

इथे काम संपायला हवं होतं. पण आत्मारामचं मन ताळ्यावर नव्हतं. सकाळी तो म्हणायचा, "जुनं ते सोनं." संध्याकाळी म्हणायचा, "पण जुनं ते जुनंच." जमुनाने तिसराच मुद्दा काढला. "कोणाच्या घरात काय वाजलं आसंल त्याच्यातून! कोणाच्या दहाव्याचं भजन वाजलं आसंल. तो आवाज आपल्या घरात कशाला?" मोनाली हसली, पण आत्मारामने यावरही दोन दिवस विचार केला. मितेशला त्याने तीनदा फोन केला. बोईसरच्या दुकानात पुन्हा एकदा जाऊन आला आणि काही न विचारता परतला. घ्यायचं काहीतरी एक होतं, फिरत तो वेगळ्याच कशाभोवती तरी होता, आणि हे त्याला कळत नव्हतं असंही नाही.

त्या गुरुवारी किनाऱ्यावर कैलास तांडेल आपल्या बोटीला रंगाचा शेवटचा हात देत होता. मासेमारी उघडायला आता चारच दिवस उरले होते. कैलासने वरूनच हाक घातली, "काका, सोमवारच्या भरतीला उतरवतो बोट!" आत्मारामने मान डोलावली. तो बोटीजवळ गेला, इंजिनाखालच्या फळ्यांपाशी थांबला, आणि त्याचा हात आपोआप वर गेला. एकदा ठोकून बघावं. नुसतं बोटाने. पण कैलास बघत होता. एकदा 'चालंल' म्हटलेली बोट आत्माराम परत ठोकतोय, हे गावाने पाहिलं असतं तर गावाने काय म्हटलं असतं? त्याने हात मागे घेतला आणि खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मोनालीने त्याला बेटेगावला नेलं. "आज काय ते एक ठरवायचं. नवीन घ्या, जुनं घ्या, पण मला पुढचा शुक्रवार माझा पाहिजे."

मितेशने तयारी करून ठेवली होती. एका गिऱ्हाइकाच्या घरी बसवायची नवी पट्टी त्याच्याकडे आलेली होती. ती त्याने टेबलावर ठेवली, दोन्ही बाजूंना ती लाकडी खोकी. एकच गाणं आधी नव्यावर लावलं, मग जुन्यावर. आत्माराम खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता, कपाळाला आठ्या घालून.

जुन्यावर अर्धं गाणं झालं आणि मोनाली म्हणाली, "थांबा. डावीकडच्यात काहीतरी फरफरतंय."

"काय फरफरत नाय," आत्माराम म्हणाला.

"फरफरतंय, बाबा. गाणारी वरच्या पट्टीत गेली की. उजवा साफ आहे."

"दोन्ही सारखेच वाजतात. मला शिकवतीस व्हय?"

मितेश दोघांकडे बघत राहिला. गिऱ्हाइकाशी वाद नको आणि मालही खोटा द्यायला नको, असा तो पेचात पडला. "काका, तपासून घेऊ," तो म्हणाला. "वरच्या छोट्या स्पीकरची तार ढिली असंल. माझ्याकडे शिट्टी हाय. खालच्या आवाजापासून चढत वर जाते. कुठं फाटते ते लगेच कळतं." त्याने मोबाइल अँपला जोडला आणि शिट्टी सोडली.

आधी पोटात घुमणारा जाड आवाज आला. मग तो बारीक होत चढू लागला. आत्माराम मान हलवत होता. आवाज चढत गेला, आणि मग थांबला. आत्माराम वाट बघत बसला. मितेश मोबाइल हातात धरून स्पीकरकडे बघत होता, हलत नव्हता. मोनालीने दोन्ही कानांवर हात ठेवले. आतल्या खोलीचं दार उघडलं, मितेशची आई डोकावली, तिचं तोंड हललं.

"लाव ना रे पुढं," आत्माराम म्हणाला. "थांबलास कशाला?"

मोनालीने कानांवरचे हात काढले नव्हते. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत काय होतं ते आत्मारामला चांगलं वाचता आलं.

मितेशने मोबाइलची तार ओढून काढली. "काका," तो हळू म्हणाला, मग ते ऐकू गेलं नाही हे बघून मोठ्याने म्हणाला, "काका, ती थांबली नव्हती. चालूच होती."

"खोटं."

"माझी आई आतून ओरडत आली." मितेशने मान खाली घातली. "माझंच गिऱ्हाईक जातंय, तरी सांगतो. नवा घ्या नायतर जुना घ्या, तुमाला दोन्ही सारखेच वाजणार. आधी कान दाखवा."

आत्माराम उठून उभा राहिला. राग त्याच्या डोक्यात गेला होता. "माझा कान? माझ्या कानाचं तू सांगतोस? अख्ख्या दांडीला विचार जा! तिथल्या बोटी माझ्या कानावर..."

आणि तिथेच तो थांबला. वाक्य पुरं झालं नाही. दोन्ही सारखेच. सगळ्या फळ्या एकसारख्या. पाच बोटी, आणि एकही फळी वेगळी नाही. महिनाभर तो ज्याच्याभोवती फिरत होता ते आता समोर येऊन उभं राहिलं होतं. त्याला भीती वाटली. कान गेल्याची नव्हे, ती नंतरची. बोटी उतरतील याची.

रिक्षात तो सारखा पुढे सरकून बसत होता, जणू त्याने रिक्षा लवकर पोचणार होती. बोईसरच्या पुढे गेल्यावर त्याने मोनालीला विचारलं, "तुमच्या कंपनीत वजनाचा काटा बिघडलेला सापडला, तर काय करता गं?"

मोनालीने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "काटा शेवटचा बरोबर कधी होता ते बघतात. त्याच्या पुढं जे जे त्याच्यावर मोजलं, ते सगळं परत मोजतात."

"सगळं?"

"सगळं, बाबा. एक पुडी सोडत नाहीत. बाजारात गेलेलं पण परत बोलावतात."

आत्मारामने डोळे मिटले. शेवटचा बरोबर कधी होता? गेल्या साली त्याने दोन फळ्या काढल्या होत्या, दोन्ही कुजक्या निघाल्या होत्या. म्हणजे गेल्या सालापर्यंत तो ऐकत होता. म्हणजे या सालच्या पाच. पाचही अजून वाळूत होत्या. देवाची एवढी कृपा, असं तो मनात म्हणाला, आणि त्याला रडू आलं. मोनाली बघत होती म्हणून त्याने रिक्षाबाहेर तोंड केलं.

घरी न जाता तो थेट किनाऱ्यावर गेला. वाटेत आपल्या सुतारकामाच्या खोपटातून मोगरी आणि पटाशी घेतली. कैलासची बोट लखलखत होती, निळी आणि पांढरी. कैलास आणि चार-पाच जण जाळं दुरुस्त करत बसले होते.

"कैलास, बोट परत ठोकायची हाय."

"आता? काका, रंग झाला. आणि तुमीच तर चालंल बोललेले."

सगळ्यांनी वर पाहिलं. आत्मारामच्या मनात सबबी भराभर उगवल्या. लाकूड ओलं होतं तेव्हा. एक शंका राहिलीय. इंजिनाखालचं तेवढं बघतो. कुठलीही चालली असती, त्याचा शब्द तेवढा मोठा होता. तोंड उघडून त्याने एक सबब घेतलीही होती. मग त्याने ती गिळली.

"माझे कान गेलेत, कैलास," तो म्हणाला. "या साली तुझी बोट मी ठोकली, ऐकली नाय."

जाळ्यावरचे हात थांबले. कुणीतरी हसायला गेलं आणि हसलं नाही. आत्माराम बोटीखाली शिरला आणि त्याने मोनालीला हाताने ओढून जवळ बसवलं.

"मला कळत नाही यातलं काही," ती म्हणाली.

"तुला कळाची गरज नाय. तू नुसतं ऐक आणि कोणती वेगळी ते सांग. वेगळी म्हंजे काय ते मी सांगन."

तो ठोकत गेला. मोनाली मान हलवत होती. सारखी. सारखी. सारखी. त्याला हाताला फळीचा धक्का लागत होता, कानात नुसतं दूरचं काहीतरी. नाकाकडून मागे, मागून इंजिनाखाली. तिथे मोनालीने त्याचं मनगट धरलं.

"ही."

"कशी? सांग."

तिला शब्द सापडेना. "बाकीच्या... बाकीच्या उत्तर देतात, बाबा. ही नुसती हूं म्हणते."

आत्मारामने पटाशी लावली. नवा रंग टिचकन उडाला आणि पटाशी आत गेली, भिजलेल्या पावात सुरी जावी तशी. त्याने ती फिरवून काढली. पात्यावर काळा लगदा होता. शेजारची फळीही तशीच निघाली.

कैलास वाकून बघत होता. तो हळूच वाळूत बसला. मग आत्मारामच्या तोंडासमोर तोंड आणून, सावकाश, म्हणाला, "सोमवारी हिच्यातून आमी सहा जण जाणार होतो."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर आत्मारामला बरं वाटलं असतं. कैलासने शिव्या दिल्या नाहीत. उलट त्याने हात धरून त्याला बोटीखालून बाहेर काढलं, पाठीवरची वाळू झाडली. "काका, बाकीच्या चौघांना मी सांगतो. तुमी घरी जा. मी काय ते बरोबर सांगन, तुमचं नाव पण नाय घेणार."

मोह मोठा होता. आत्मारामने मोगरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "नाय," तो म्हणाला. "चालंल मी बोललेलो."

तो आणि मोनाली किनाऱ्याने चालू लागले. पुढची बोट नामदेवची. हा नामदेव गावभर सांगत फिरायचा की आत्मारामच्या कानाला दर्यासुद्धा फसवू शकत नाही. तो बोटीच्या टोकावर उभा होता. त्यांना येताना पाहून त्याने हात उंच केला आणि काहीतरी ओरडला. वारा होता, आणि अंतरही होतं. गेलं वर्षभर अशा वेळी आत्माराम हसायचा, मान हलवायचा आणि पुढे जायचा. समोरच्याला वाटायचं, कळलं.

आत्माराम थांबला. त्याने तळवा कानामागे धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"मोठ्यांदा बोल, नामदेव," तो ओरडला. "मला ऐकू येत नाय."